बर्न-वेट स्क्रबर: सीएफ-फोर खरंच किती जळतो?

फॅबच्या, म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्याच्या, मुख्य मजल्यावर एच (etch) टूल असतं, म्हणजे वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर) प्लाझ्माने खोदकाम करणारं यंत्र; त्याच्या खालच्या मजल्यावर, सबफॅबमध्ये, त्याचे व्हॅक्यूम पंप आणि पंपांच्या पुढे माणसाच्या उंचीचं एक बंदिस्त यंत्र. कागदोपत्री त्याचं नाव पॉइंट-ऑफ-यूज अबेटमेंट, म्हणजे घातक वायू वापराच्या जागीच नष्ट करणं. सबफॅबमध्ये मात्र सगळे त्याला स्क्रबरच म्हणतात. मी ज्याबद्दल लिहितेय तो चार इनलेटचा, मिथेनवर चालणारा, बर्न-वेट प्रकारचा आहे. टूलमधून आलेला वायू तो आधी ज्वालेत जाळतो आणि मग पाण्याने धुतो. कंपनीचं नाव देत नाही. ही यंत्रं बनवणारे बरेच आहेत आणि मी सांगणार आहे ते गुणदोष या प्रकारच्या बहुतेक यंत्रांत कमीअधिक सापडतील. ही यंत्रं चालती ठेवणं आणि त्यांतून शेवटी काय बाहेर पडलं याचा हिशेब देणं हे माझं काम आहे.

मत आधीच सांगून टाकते. यंत्र चांगलं आहे आणि ज्या फॅबमध्ये फ्लोरिनचे वायू वापरले जातात तिथे ते असलंच पाहिजे. पण माहितीपत्रकावर छापलेला नाशाचा टक्का, म्हणजे आत आलेल्या वायूपैकी किती टक्के नष्ट होतो तो आकडा, बघून ते विकत घेऊ नका. तो टक्का कोणत्या वायूचा, किती प्रवाहाला, कसा मोजला आणि यंत्र वर्षातले किती तास खरोखर वायूच्या मार्गात होतं, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही.

हे यंत्र लागतंच का, ते आधी बघू. सिलिकॉन ऑक्साइडमध्ये खोल, सरळ छिद्रं पाडायची तर प्लाझ्मामध्ये फ्लोरिन आणि कार्बन दोन्ही हवेत, म्हणून सीएफ-फोर, सीएचएफ-थ्री, सी-फोर-एफ-एट हे वायू येतात. सिलिकॉन खोदायला एसएफ-सिक्स. सीव्हीडीच्या (वायूंपासून वेफरवर पातळ थर बसवण्याच्या प्रक्रियेच्या) चेंबरमध्ये वेफरसोबत भिंतींवरही थर बसतो, तो साफ करायला एनएफ-थ्री. यातला काही भाग प्लाझ्मामध्ये तुटतो आणि उरलेला जसाच्या तसा पंपातून पुढे निघतो. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या) पाचव्या अहवालातले शंभर वर्षांचे तापमानवाढीचे आकडे घेतले तर कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत सीएफ-फोर ६,६३० पट, सीएचएफ-थ्री १२,४०० पट, एनएफ-थ्री १६,१०० पट आणि एसएफ-सिक्स २३,५०० पट. सहाव्या अहवालात सीएफ-फोर आणि एनएफ-थ्रीचे आकडे आणखी वर गेलेत. या यादीत सीएफ-फोरचा आकडा सगळ्यात लहान दिसतो, पण वातावरणातलं त्याचं आयुष्य सुमारे ५०,००० वर्षं आहे. एकदा चिमणीबाहेर गेला की तो परत आणायचा कुठलाही मार्ग आपल्या हातात नाही. म्हणून मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.

हिशेब छोट्या आकड्यांत करून बघा. एच रेसिपीमध्ये (टूलच्या ठरवून दिलेल्या कार्यक्रमात) १०० एससीसीएम सीएफ-फोर म्हणजे फार मोठा प्रवाह नव्हे. मिनिटाला १०० घनसेंटिमीटर, वजनात ०.३९ ग्रॅम. एवढा वायू एक मिनिट तसाच बाहेर गेला तर २.६ किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. आता तोच वायू नीट जळला तर काय होतं? सीएफ-फोरच्या एका रेणूला पाण्याचे दोन रेणू लागतात आणि त्यातून कार्बन डायऑक्साइडचा एक व हायड्रोजन फ्लोराइडचे चार रेणू तयार होतात. म्हणजे एक किलो सीएफ-फोर जाळला तर अर्धा किलो कार्बन डायऑक्साइड आणि साधारण ९०० ग्रॅम हायड्रोजन फ्लोराइड. ६,६३० किलोचा परिणाम अर्ध्या किलोवर येतो. एवढं काम एका ज्वालेत करणारं दुसरं यंत्र माझ्या तरी पाहण्यात नाही, आणि या गोष्टीबद्दल मला त्याचा मनापासून आदर आहे.

आता यंत्राच्या आत. वरच्या बाजूला चार इनलेट, प्रत्येकाला तीन-मार्गी व्हॉल्व्ह: एक वाट बर्नरकडे, दुसरी बायपासकडे, म्हणजे यंत्र टाळून थेट पुढे. बर्नरमध्ये पायलट ज्वाला कायम चालू आणि मुख्य ज्वाला गरजेप्रमाणे. त्याखाली दहनकक्ष, ज्याच्या भिंतीवरून पाण्याचा पातळ पडदा सतत वाहत असतो. हा पडदा कक्षाची भिंत थंड ठेवतो आणि पावडर चिकटू देत नाही. मग क्वेंच, जिथे गरम वायू पाण्याने झटकन थंड होतो, मग पॅकिंग भरलेला स्तंभ, जिथे वरून पडणारं पाणी हायड्रोजन फ्लोराइड शोषून घेतं. खाली टाकी, पंप, पीएचचा सेन्सर. टाकीतलं फ्लोराइडयुक्त पाणी ड्रेनमधून फ्लोराइड शुद्धीकरणाकडे जातं, तिथे चुन्याने कॅल्शियम फ्लोराइड होऊन गाळ म्हणून खाली बसतं.

यातली पाण्याची बाजू विक्रेते बोलताना दोन वाक्यांत उरकतात. माझ्या मते निम्मं यंत्र तेच आहे. ज्वाला कितीही छान जळू दे, पुनर्भरणाचं पाणी कमी झालं की पीएच घसरतो, स्तंभातून हायड्रोजन फ्लोराइड पुढे डक्टमध्ये निसटतं आणि धातूचा प्रत्येक जोड कुरतडायला लागतं. आमच्याकडच्या एका अनुभवी टेक्निशियनची सवय मी नव्या मुलांना मुद्दाम दाखवते. ते यंत्रापाशी आले की स्क्रीनकडे बघायच्या आधी काचेच्या खिडकीतून पाण्याचा पडदा बघतात. पडदा एका बाजूला फाटलेला दिसला, भिंतीचा एखादा पट्टा कोरडा दिसला, की "मॅडम, ही आठवड्याभरात अलार्म देणार" असं म्हणतात. सेन्सरला तो कोरडा पट्टा कळत नाही. म्हणून ती खिडकी मोठी आणि हात पोचेल अशा उंचीवर असलेलं मॉडेल घ्या. ही बारीक गोष्ट नाही.

ज्वालेकडे येते. एसएफ-सिक्स, एनएफ-थ्री, सीएचएफ-थ्री या वायूंवर हे यंत्र उत्तम काम करतं. एनएफ-थ्री तर तुलनेने कमी तापमानालाही तुटतो. कस लागतो तो सीएफ-फोरला. त्याचे चारही बंध मजबूत, रेणू एकदम सममित, त्यामुळे तो हजार अंशांच्या बराच वर जाईपर्यंत दाद देत नाही आणि त्या तापमानात त्याला पुरेसा वेळ मिळावा लागतो. म्हणून यंत्रात इंधनाची वेगळी पातळी असते, आम्ही तिला हाय-फायर म्हणतो. सीएफ-फोर वाहत असताना हाय-फायर, बाकी वेळी लो-फायर. पत्रकात मोठ्या अक्षरात छापलेला टक्का बहुधा एनएफ-थ्रीचा किंवा सगळ्या वायूंच्या सरासरीचा असतो, आणि सीएफ-फोरचा टक्का आत तक्त्यात, तळटीपेसह. ती तळटीप वाचा. तिथे लिहिलेलं असतं: अमुक इतक्या एकूण नायट्रोजन प्रवाहापर्यंतच.

हा नायट्रोजन कुठून येतो? पंपांच्या सीलसाठी आणि पंपात काही साचू नये म्हणून पंपातच नायट्रोजन सोडतात, त्याला पर्ज म्हणतात. टूलमधून येणारा वायू थोडा आणि त्याच्यासोबत येणारा नायट्रोजन त्याच्या कितीतरी पट. तो सगळा थंड नायट्रोजन ज्वालेला तापवावा लागतो. पंप बसवणाऱ्याने "असू दे जरा जास्त" म्हणून पर्ज वाढवून ठेवला की खाली सीएफ-फोरचा नाश कमी होतो, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण अलार्म वाजत नाही. आमच्याकडे एका एच टूलवर नेमकं हेच चालू होतं. पंपाच्या उत्पादकाला विचारून पर्ज त्याने सांगितलेल्या किमान पातळीवर आणला आणि त्याच ज्वालेचा सीएफ-फोरचा आकडा सुधारला. इंधन एका थेंबानेही वाढवलं नाही. स्क्रबरवर खर्च करायच्या आधी पंपांचे पर्ज मीटर तपासून घ्या, असं मी प्रत्येकाला सांगते.

आता मोजणीबद्दल, कारण माझा खरा मुद्दा इथे आहे.

समजा इनलेटला १,००० पीपीएम सीएफ-फोर मोजला आणि आउटलेटला १०० पीपीएम. पटकन कुणीही म्हणेल, ९० टक्के नष्ट झाला. पण मधे ज्वालेसाठी हवा आली, इंधन आलं, प्रवाह पाचपट झाला. म्हणजे बाहेर पडणारे १०० पीपीएम हे मूळ प्रवाहाच्या हिशेबात ५०० पीपीएम आहेत. खरा नाश ५० टक्के. उरलेला फक्त पातळ झालाय. वातावरणाला पातळ-घट्ट असा फरक नाही, त्याला किती ग्रॅम आले तेवढंच कळतं.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, २०१० मध्ये इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांतल्या या यंत्रांचा नाश-टक्का कसा मोजायचा याची कार्यपद्धती प्रसिद्ध केली, तिचा गाभा हाच आहे: सौम्यीकरण, म्हणजे वायू किती पातळ झाला ते, मोजल्याशिवाय नाश-टक्का सांगायचा नाही. त्यासाठी ज्वालेत न बदलणारा एखादा वायू, उदाहरणार्थ क्रिप्टॉन, ठरावीक प्रवाहाने आत सोडतात आणि बाहेर तो किती पातळ झाला ते बघतात. त्यावरून एकूण प्रवाह कळतो. सोबत एफटीआयआर, म्हणजे अवरक्त किरणांच्या शोषणावरून वायू ओळखणारं उपकरण, लावून वायू ओळखायचे. या चाचणीला वेळ लागतो, तापवलेल्या सॅम्पल लाइन ओढाव्या लागतात, टूल चालू ठेवावं लागतं आणि उत्पादनवाले घड्याळाकडे बघत उभे असतात. तरीही करा. प्रत्येक यंत्रावर करता येत नसेल तर प्रत्येक प्रकारच्या टूलमागे निदान एकावर करा. आमच्या यंत्राचा सीएफ-फोरचा टक्का पहिल्या चाचणीत पत्रकापेक्षा स्पष्टपणे खाली आला. विक्रेत्याचा माणूस आला, त्याने इंधन-ऑक्सिजनचं प्रमाण आमच्या खऱ्या प्रवाहाप्रमाणे पुन्हा लावलं, आणि मग तो पत्रकाजवळ पोचला. त्या सेवेला मी पूर्ण गुण देते. पण चाचणी केली नसती तर ते यंत्र हिरवा दिवा दाखवत तसंच चालत राहिलं असतं आणि आमच्या वार्षिक हिशेबात पत्रकातला टक्का जात राहिला असता.

त्या मोजणीत आणखी एक गोष्ट समोर आली, आणि ती सीव्हीडीवर बर्न-वेट लावणाऱ्या प्रत्येकाला सांगितली पाहिजे. चारपैकी एका इनलेटला सीव्हीडीचं टूल जोडलेलं होतं. त्याच्या चेंबर क्लीनमध्ये फक्त एनएफ-थ्री, सीएफ-फोर नावालाही नाही. क्लीन सुरू झाला आणि आउटलेटच्या एफटीआयआर स्पेक्ट्रमवर १,२८३ सेमी⁻¹ च्या आसपास सीएफ-फोरची ओळखीची रेघ वर आली. आधी वाटलं शेजारच्या एच इनलेटचा वायू असेल. ते टूल तेव्हा बंद होतं. क्लीन संपला, रेघ खाली. पुढचा क्लीन, पुन्हा वर.

कारण असं. रिमोट प्लाझ्मामध्ये (चेंबरच्या बाहेर तयार केलेल्या प्लाझ्मामध्ये) एनएफ-थ्री जवळजवळ पूर्ण तुटतो. ही चांगलीच गोष्ट आहे, जुन्या पद्धतीत सी-टू-एफ-सिक्सचा मोठा भाग न वापरताच बाहेर जायचा. पण तुटलेल्या फ्लोरिनपैकी जो चेंबरमधल्या थराला खाण्यात खर्च होत नाही तो परत जोड्या करून फ्लोरिन वायू होतो आणि पंपातून स्क्रबरमध्ये येतो. तिथे त्याला भेटतं मिथेन. फ्लोरिनने मिथेनमधला हायड्रोजन घेतला तर हायड्रोजन फ्लोराइड होतं, ते पाणी शोषून घेतं, प्रश्न मिटला. पण मिश्रण नीट झालं नाही, एखाद्या कोपऱ्यात फ्लोरिन जास्त आणि हायड्रोजन कमी पडला, तर तो कार्बनला धरतो आणि सीएफ-फोर तयार होतो. म्हणजे ज्या यंत्राने सीएफ-फोर जाळायचा तेच यंत्र तो बनवतं. आयपीसीसीच्या मार्गदर्शक सूचनांच्या २०१९ च्या सुधारित आवृत्तीत हा मार्ग स्पष्टपणे हिशेबात धरलेला आहे. त्याआधीच्या २००६ च्या हिशेबाने चालणाऱ्या फॅबच्या आकडेवारीत तो पूर्ण निसटू शकतो.

म्हणून सीव्हीडीसाठी घेताना विक्रेत्याकडून लेखी मागा: फ्लोरिन वायू येत असताना तुमच्या बर्नरमध्ये सीएफ-फोर किती बनतो, मोजलेला आकडा द्या. काही उत्पादकांचे नोझल याच कामासाठी बदललेले असतात. काहींकडे मिथेनऐवजी हायड्रोजनवर चालणारे किंवा इंधनच न लागणारे पर्याय आहेत. कार्बनच नसेल तर हा सीएफ-फोर बनायला जागा उरत नाही. मला आज निवड करायची असती तर एच टूलला हाच बर्न-वेट घेतला असता आणि सीव्हीडीला कार्बन-इंधन नसलेलं यंत्र. एकाच यंत्राचे चार इनलेट दोघांत वाटण्याची सोय विक्रीच्या वेळी फार आकर्षक वाटते, जागा वाचते, पाइप वाचतो. पण दोन्ही वायूंच्या गरजा वेगळ्या आहेत, आणि ज्वाला कुणा एकाच्याच सोयीने लावता येते.

देखभाल. सीव्हीडीच्या इनलेटवर सिलिकॉनचे वायू जळून मैद्यासारखी पांढरी बारीक सिलिका होते आणि ती नोझलच्या तोंडाशी जमते. यंत्रात आपोआप फिरणारा स्क्रेपर आहे, तो बऱ्यापैकी काम करतो, पण इनलेटच्या वरच्या वाकणापर्यंत पोचत नाही. तिथे साचलं की पंपाचा बॅक-प्रेशर चढतो, यंत्र अलार्म देतं आणि स्वतःच बायपासवर जातं. एच इनलेटवर ही अडचण खूप कमी. दार उघडून नोझल काढायची रचना या मॉडेलमध्ये सुरेख आहे, क्लॅम्प समोरच येतात, एक माणूस पुरतो. पण उघडायच्या आधी आत हायड्रोजन फ्लोराइड उरलेलं नाही याची खात्री, फेस शिल्ड, योग्य हातमोजे, चटक्यावर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी, यांत कुणीही घाई करू नये. हायड्रोजन फ्लोराइडचा चटका लागतो तेव्हा नेहमी लगेच दुखत नाही, आणि तेच जास्त धोक्याचं आहे.

बायपास या शब्दापाशी थांबते. स्क्रबर बंद पडला म्हणून टूल थांबवायचं का? बहुतेक फॅबमध्ये उत्तर असतं, नाही. चेंबरमध्ये वेफर असतात, त्यांचं नुकसान मोठं असतं. म्हणून वायू बायपासमधून थेट मुख्य ॲसिड एक्झॉस्टमध्ये जातो. त्या डक्टच्या शेवटी गच्चीवर मोठा पाण्याचा स्क्रबर असतो, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की काहीतरी गाळणी आहे. हायड्रोजन फ्लोराइडसाठी आहे. सीएफ-फोर आणि एसएफ-सिक्स पाण्यात विरघळत नाहीत म्हणण्याइतके कमी विरघळतात, ते त्या स्क्रबरमधून सरळ आकाशात जातात.

आता गणित बघा. नाश-टक्का ९५ आणि यंत्र १०० टक्के वेळ चालू, तर ५ टक्के वायू बाहेर. तेच यंत्र ९० टक्केच वेळ मार्गात असेल तर प्रत्यक्ष नाश ८५.५ टक्के, बाहेर जाणारा वायू १४.५ टक्के. जवळजवळ तिप्पट. ९५ चं यंत्र काढून ९८ चं बसवण्यापेक्षा आहे ते यंत्र बायपासवर जाऊ न देणं जास्त मोलाचं आहे. या मॉडेलला शेजारच्या यंत्रावर वायू वळवण्याचा पर्याय मिळतो: एक बंद पडलं की त्याचे इनलेट दुसऱ्याकडे. तो पर्याय जास्तीचा म्हणून दाखवतात आणि खरेदीच्या बैठकीत सगळ्यात आधी तोच कापला जातो. कापू देऊ नका. आणि प्रत्येक इनलेटच्या बायपास व्हॉल्व्हची वेळ आपोआप नोंदवणारी जोडणी सुरुवातीलाच करून घ्या, त्या वेळी टूलमध्ये कोणता वायू वाहत होता याच्यासकट. आमच्याकडे ही नोंद सुरू झाल्यावर पीएमचं (ठरलेल्या देखभालीचं) वेळापत्रक बदललं: आता टूलचं पीएम आणि स्क्रबरचं पीएम एकत्र होतं, टूल तसंही बंद असतं तेव्हा. त्यासाठी प्रोसेस विभागाशी बरंच भांडावं लागलं. ते भांडण मी पुन्हा करेन.

इंधनाबद्दल नेहमी एक आक्षेप येतो की मिथेन जाळून हवामानाचं भलं कसं होणार. प्रश्न रास्त आहे. समजा ज्वालेला मिनिटाला २० लिटर मिथेन लागतं आणि ती दिवसरात्र पेटलेली आहे. त्यातून दिवसाला सुमारे ५७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. वरच्या हिशेबाने हे १०० एससीसीएम सीएफ-फोर २२ मिनिटं मोकळा सोडण्याएवढं झालं. एच टूल दिवसात याच्या कितीतरी पट वायू वापरतं, तेव्हा ज्वाला फायद्यातच आहे. पण ज्या टूलमध्ये असे वायू दिवसातून थोडाच वेळ वाहतात तिथे अखंड हाय-फायर ही शुद्ध उधळपट्टी आहे. त्यासाठी टूलकडून सिग्नल घेऊन ज्वाला वरखाली करायची सोय यंत्रात आहे आणि ती चांगली चालते. अट एकच: वायू पोचायच्या आधी ज्वाला तापलेली हवी. सिग्नल टूलच्या गॅस व्हॉल्व्हवरून घेतला तर थोडा उशीर होतो आणि प्रत्येक वेफरचा पहिला झोत अर्धवट जळतो. रेसिपी सुरू होण्याच्या क्षणावरून घ्या. मिथेन स्वतःही हरितगृह वायू आहे, त्यामुळे न जळता काही बाहेर येतंय का हे त्याच एफटीआयआरवर बघून घ्या. हाय-फायरला नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, हा दोष खरा आहे आणि परवानगीची मर्यादा जिथे कडक आहे तिथे तो महागात पडू शकतो. नायट्रस ऑक्साइड वापरणाऱ्या सीव्हीडीसाठी तर हे यंत्र मला फारसं पसंत नाही. त्याचा तापमानवाढीचा आकडा २६५, म्हणजे लहान, पण वापर मोठा असतो आणि या ज्वालेत त्याचा नाश फ्लोरिनच्या वायूंइतका खात्रीने होत नाही.

इतर प्रकारांबद्दल थोडं. विजेच्या हीटरवर चालणारी यंत्रं सायलेन, एनएफ-थ्री यांना ठीक, सीएफ-फोरला बहुधा अपुरी. प्लाझ्मा टॉर्च सीएफ-फोर तोडते, इंधन लागत नाही, पण वीज खाते आणि इलेक्ट्रोड झिजतात. उत्प्रेरकवाली यंत्रं बरीच कमी उष्णता घेतात, मात्र त्यांना पावडर आणि आम्ल आधीच काढून दिलेला स्वच्छ वायू लागतो. कोरड्या गोळ्यांचे शोषक आर्सिन, फॉस्फिनसाठी उत्तम, सीएफ-फोर त्यांतून आरपार जातो. हे शेवटचं मुद्दाम सांगतेय, कारण "आमच्याकडे अबेटमेंट आहे" या वाक्यात हे सगळे प्रकार एकाच ओळीत बसवले जातात.

या उद्योगाने हे काम जमवून दाखवलेलं आहे, म्हणून मला आशा वाटते. जागतिक सेमीकंडक्टर कौन्सिलने १९९९ मध्ये पीएफसी वायूंचं (सीएफ-फोरसारख्या फ्लोरिनच्या वायूंचं) उत्सर्जन २०१० पर्यंत १९९५ च्या पातळीच्या १० टक्के खाली आणायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात घट ३२ टक्के झाली, आणि तीही चिपचं उत्पादन प्रचंड वाढत असताना. त्यात अबेटमेंट हा एक मार्ग होता. चेंबर क्लीनचा वायू बदलणं, रेसिपी आखडणं हे दुसरे. स्क्रबर विकत घेण्याआधी प्रोसेसवाल्यांना विचारा की क्लीनला एंडपॉइंट (चेंबर साफ झाला की वायू थांबवणारी खूण) आहे का, की घड्याळ लावून गरजेपेक्षा जास्त वेळ एनएफ-थ्री सोडतात. न वापरलेल्या वायूला जाळावं लागत नाही.

माझ्याकडून या यंत्राला एच टूलसाठी पाचपैकी साडेचार, एनएफ-थ्री क्लीनवाल्या सीव्हीडीसाठी तीन. घेत असाल तर खरेदीच्या करारात तीन गोष्टी लिहून घ्या: सीएफ-फोरचा नाश-टक्का तुमच्या टूलवर, तुमच्या नायट्रोजन प्रवाहाला, सौम्यीकरण मोजून सिद्ध करायचा, फ्लोरिनपासून बनणाऱ्या सीएफ-फोरचा मोजलेला आकडा द्यायचा, आणि बायपासचे तास हमीच्या अटीत धरायचे. शेवटचा हप्ता या चाचणीनंतरच द्यायचा. आमच्या विक्रेत्याने पहिल्या दोन मान्य केल्या, तिसरीवर अजून बोलणी चालू आहेत.